जमिनीखाली काय नाही, हे कसं कळतं?

ब्रिटनमध्ये दर सात-आठ सेकंदांना कुठे ना कुठे एक खड्डा खणला जातो. वर्षाकाठी सुमारे ४० लाख खड्डे. कुणाला पाण्याची गळती काढायची असते, कुणाला फायबर टाकायचं असतं, कुणाला दिव्याचा खांब उभा करायचा असतो. त्यांतल्या सुमारे ६० हजार वेळा खणणाऱ्या यंत्राचा दात भलत्याच वस्तूवर बसतो: गॅसची वाहिनी, विजेची केबल, टेलिफोनची तार. या अपघातांपायी वर्षाला २.४ अब्ज पौंडांचा फटका बसतो, असा तिथल्या सरकारचा अंदाज आहे.

यातली जवळजवळ प्रत्येक वाहिनी कुणाला तरी ठाऊक असते, याचं मला त्या आकड्यांपेक्षा जास्त नवल वाटतं. तिचा नकाशा कुठल्या तरी कार्यालयात असतो, तिची नोंद कुठल्या तरी संगणकात असते. ब्रिटनच्या जमिनीखाली सुमारे ४० लाख किलोमीटर लांबीचं हे जाळं पसरलं आहे. चंद्रावर जाऊन परत यायचं म्हटलं तर पाच फेऱ्या होतील इतकं लांब. त्याचे मालक ६५० हून अधिक आहेत. प्रत्येकाला आपापलं जाळं माहीत आहे आणि दुसऱ्याचं माहीत नाही. खड्डा खणणाऱ्याला मात्र एकाच ठिकाणचं सगळं हवं असतं. म्हणून तो एकेका मालकाला विचारत बसायचा, आणि सगळी उत्तरं हाती यायला सरासरी सहा दिवस जात. कुणाकडून पीडीएफ यायची, कुणाकडून जुन्या कागदी नकाशाची छायाप्रत. एकात माप मीटरमध्ये, दुसऱ्यात फुटांत. एकाच्या तुटक रेषेचा अर्थ ‘बंद पडलेली वाहिनी’, दुसऱ्याच्या तुटक रेषेचा ‘प्रस्तावित वाहिनी’. हे सगळे कागद मनातल्या मनात एकावर एक ठेवून मुकादमाने ठरवायचं, की दात कुठे टाकायचा.

असा अंदाज चुकला तर काय होतं, ते बेल्जियमने पाहिलं. ३० जुलै २००४ रोजी गिसलँगियां या गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीत उच्च दाबाची गॅसवाहिनी फुटली. बांधकामाच्या यंत्राने तिला आधीच इजा झाली होती. २४ माणसं मरण पावली, शंभराहून अधिक जखमी झाली. त्यानंतर त्या देशाच्या उत्तरेकडच्या फ्लँडर्स प्रांताने खणण्याआधीची चौकशी एकाच दारातून करायची व्यवस्था उभारली. पण दार एक झालं तरी उत्तरं आपापल्या तऱ्हेचीच येत राहिली. खरा बदल २०१६ मध्ये झाला. प्रत्येक मालकाने आपली माहिती एकाच ठरवून दिलेल्या रचनेत, यंत्राला वाचता येईल अशी द्यायची, असा नियम लागू झाला. तेव्हापासून तिथल्या मुकादमाला कागदांचा गठ्ठा मिळत नाही. टॅबलेटवर एकच नकाशा उघडतो आणि त्यात सगळ्यांच्या वाहिन्या एकत्र दिसतात.

ही जी ‘ठरवून दिलेली रचना’ आहे, तिच्या गाभ्याला संगणकशास्त्रात ऑन्टॉलॉजी म्हणतात. आपल्या कामाच्या जगात कोणकोणत्या वस्तू आहेत, त्यांचे प्रकार कोणते, त्यांना कोणते गुण असतात आणि त्यांची एकमेकींशी नाती काय, याबद्दल सगळ्यांनी मिळून केलेला आणि यंत्राला उमगेल अशा नेमकेपणाने लिहिलेला करार म्हणजे ऑन्टॉलॉजी. सगळ्यांचा डेटा एका कोठारात आणून ओतायचा, असा याचा अर्थ मुळीच नाही. डेटा ज्याचा त्याच्याकडे राहू शकतो. त्याचा अर्थ तेवढा समाईक होतो.

ऐकायला हे काम कारकुनी वाटतं. एका साध्या प्रश्नापासून सुरुवात केली की मात्र ते अथांग होत जातं. वाहिनी किती खोल आहे?

पाणीपुरवठ्याचा अभियंता म्हणतो, एक मीटर. म्हणजे रस्त्याच्या पृष्ठभागापासून पाइपच्या माथ्यापर्यंत. मलनिस्सारणाचा अभियंता इन्व्हर्ट लेव्हल सांगतो. ती पाइपच्या आतल्या तळाची असते, आणि मोजलेली असते एका ठरलेल्या शून्यापासून. हे शून्य कुठलं? मुंबई महापालिकेच्या कामांत ते ‘टाउन हॉल डेटम’ असतं. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत भूखंडाच्या भरावासाठी २७.५५ मीटर ही पातळी येते, ती याच शून्यावरून मोजलेली. सरासरी समुद्रसपाटीपासून मोजणाऱ्या दुसऱ्या यंत्रणेच्या आराखड्यात तीच जमीन जेमतेम काही मीटर उंचीवर असते. दोन्ही आराखडे अचूक आहेत. पण संगणकाने हे दोन आकडे न विचारता शेजारी ठेवले, तर एक पाइप दुसऱ्याच्या वीसेक मीटर वर, हवेत तरंगताना दिसेल.

आणि रस्त्याचा पृष्ठभाग तरी स्थिर कुठे असतो? पाइप टाकला त्या वर्षी तो एक मीटर खाली होता. त्यानंतर डांबराचे थर चढत गेले, मग काँक्रीट आलं. पाइप तसूभरही हलला नाही आणि त्याची खोली मात्र बदलली. म्हणून चांगल्या ऑन्टॉलॉजीत ‘खोली’ हा सुटा आकडा राहतच नाही. कशापासून, कशापर्यंत, कोणत्या दिवशी, कोणी आणि कसं मोजलं, ही सगळी उत्तरं त्या आकड्याला बांधलेली असतात. आपण रोज सहज उच्चारतो त्या एका मापात किती गोष्टी न बोलता दडलेल्या आहेत, हे पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा खरोखर थक्क व्हायला होतं.

यातलं ‘कसं मोजलं’ हे फार मोलाचं आहे. ब्रिटनमध्ये २०१४ साली भूमिगत वाहिन्यांच्या सर्वेक्षणासाठी पीएएस १२८ नावाचं मानक आलं. त्यात माहितीला चार पायऱ्या आहेत. सर्वांत खालची ‘डी’: नुसत्या दप्तरातल्या नोंदीवरून सांगितलेली. ‘सी’: जागेवर जाऊन चेंबरची झाकणं, व्हॉल्व्ह वगैरे खुणा पाहून ताडलेली. ‘बी’: रडार किंवा विद्युतचुंबकीय यंत्राने शोधलेली. आणि ‘ए’: खड्डा करून डोळ्यांनी पाहिलेली. म्हणजे पाइप ही एक वस्तू, आणि ‘इथे पाइप आहे’ हे विधान ही दुसरी वस्तू. त्या विधानालाही स्वतःचे गुण आहेत, वय आहे, भरवसा आहे. हे दोन वेगळे ठेवले की नकाशा आपल्या अज्ञानाबद्दलही प्रामाणिकपणे बोलू शकतो.

इथून प्रश्न आणखी खोल जातो. नकाशात एखादी जागा कोरी आहे. म्हणजे तिथे वाहिनी नाही, की वाहिनीची नोंद नाही?

खणणाऱ्याच्या दृष्टीने या दोहोंत जीवन-मरणाचं अंतर आहे. साधा डेटाबेस तो फरक पाळत नाही. नोंद सापडली नाही की तो ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. ऑन्टॉलॉजीच्या तर्कशास्त्रात मात्र उलटं गृहीत धरलेलं असतं: जे सांगितलं नाही ते खोटं ठरत नाही, ते अज्ञात राहतं. ‘इथे काही नाही’ असं म्हणायचं असेल, तर ते वेगळं, साधार सांगावं लागतं.

हे वाचताना मला न्याय-वैशेषिकांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. जगात जे जे आहे त्याची वर्गवारी करण्याचा ध्यास आपल्याकडे कणादांच्या परंपरेने घेतला. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय असे सहा पदार्थ त्यांनी मानले. पुढे त्यात सातवा आला: अभाव. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त हे सातही पदार्थ आहेत. ‘नसणं’ हासुद्धा जगातला एक पदार्थ! आणि त्याचं पिढ्यान्पिढ्या शिकवलं गेलेलं उदाहरण कुठलं, तर ‘जमिनीवर घडा नाही’. नैयायिक लगेच दोन गोष्टी विचारतो. अभाव कशाचा? घड्याचा, तो प्रतियोगी. अभाव कुठे? या जमिनीवर, ती अनुयोगी. ही दोन टोकं सांगितल्याशिवाय ‘नाही’ हे वाक्य पुरंच होत नाही. शिवाय, घडा दिसला नाही एवढ्यावरून तो नाही असं ठरत नाही. असता तर नक्की दिसला असता, अशी परिस्थिती आधी हवी. अंधारात न दिसलेल्या घड्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. शास्त्रकार याला योग्यानुपलब्धी म्हणतात.

आता घड्याच्या जागी गॅसवाहिनी ठेवा आणि अंधाराच्या जागी अर्धवट दप्तर. या चौकातल्या सर्व मालकांनी माहिती दिली आहे का? ती कोणत्या वर्षापर्यंतची आहे? रडार किती खोलवर पाहू शकतं? ओल्या चिकणमातीत रडारच्या लहरी लवकर विझतात, मग तिथे ‘काही दिसलं नाही’ याला किंमत किती? असती तर सापडली असती, अशी खात्री या प्रश्नांच्या उत्तरांनी होते, आणि तेव्हाच नकाशावरची कोरी जागा खणायला सुरक्षित ठरते. जमिनीकडे बघून ‘नाही’ म्हणण्यासाठी काय काय लागतं, याचा इतका बारीक विचार आपल्या पाठशाळांत झाला होता आणि आज भूमिगत नकाशे रचणारे अभियंते त्याच प्रश्नाशी झुंजत आहेत. यातला कुणी दुसऱ्याकडून शिकला असं मी म्हणत नाही. प्रश्नच तसा आहे. त्याच्यापाशी गंभीरपणे बसलेला माणूस त्याच वळणावर पोचतो.

हे सगळं संगणकात लिहायचं कसं? त्याची रीत आश्चर्य वाटावं इतकी साधी आहे. वेब जन्माला घालणारे टिम बर्नर्स-ली ज्या संस्थेचे संस्थापक, त्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने १९९९ साली आरडीएफ नावाची पद्धत मान्य केली. तिच्यात प्रत्येक माहिती तीन तुकड्यांच्या वाक्यात मांडायची. ‘ही केबल – जाते – त्या डक्टमधून.’ ‘तो पंप – वीज घेतो – या उपकेंद्राकडून.’ ‘ती टाकी – पाणी घेते – त्या पंपाकडून.’ ‘ते रुग्णालय – पाणी घेतं – त्या टाकीतून.’ बस्स, एवढंच. पण एका वाक्याचं शेवटचं टोक दुसऱ्याचं पहिलं टोक झालं की साखळी तयार होते, आणि सोबत मोजके नियम दिले, तर कुणीही न लिहिलेली वाक्यं यंत्र स्वतः काढू लागतं. उपकेंद्र बंद, म्हणून पंप बंद, म्हणून टाकी रिकामी, म्हणून रुग्णालयाचा नळ कोरडा. वीजकंपनीला हे ठाऊक नव्हतं, पाणीखात्यालाही नव्हतं. दोघांची वाक्यं एका व्याकरणात आली तेव्हा ते दिसलं.

अशा साखळीचा अनुभव इंग्लंडमधल्या लँकेस्टर शहराने घेतला. ५ डिसेंबर २०१५ च्या रात्री डेस्मंड वादळाच्या पुराने तिथलं वीज उपकेंद्र बुडालं आणि ६१ हजार घरं-दुकानं अंधारात गेली. दिवे जाणार हे कुणीही सांगितलं असतं. पण मोबाइलचे बहुतेक मनोरे मुके झाले, उंच इमारतींत पंपाअभावी पाणी चढेना, दुकानांत कार्ड चालेना, आणि शहराला सूचना द्यायची तर ती पोचवायची कशी, हाच प्रश्न उभा राहिला. प्रत्येक सेवा स्वतःपुरती नीट आखलेली होती. मधली नाती कुणाच्याच आराखड्यात नव्हती.

ती नाती आधीच दिसावीत म्हणून २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये ‘क्रेडो’ हा प्रयोग सुरू झाला. अँग्लियन वॉटर, टेलिफोनची बीटी आणि यूके पॉवर नेटवर्क्स या तीन कंपन्यांनी आपापल्या यंत्रणांचा डेटा समाईक रचनेत जोडला. पूर आला तर एकीचं नुकसान दुसरीपर्यंत कसं पोचेल, हे पाहायचं होतं. उपकेंद्राभोवती भिंत बांधण्यासाठी वीजकंपनीने जो हिशेब केला असता, त्यात आता पाणीपुरवठ्याचाही वाटा धरता येतो. असा हिशेब एकट्या कंपनीला मांडताच आला नसता.

याच सुमारास केंब्रिजमध्ये देशाच्या पायाभूत सुविधांसाठी मूळ चौकट आखणारे लोक चक्क तत्त्वज्ञानाचा वाद घालत होते. समजा, एका पंपगृहात ‘पंप १०१’ आहे. मोटर जळली, जुना पंप काढून कारखान्यातून नवा आणून बसवला. फलकावर नाव तेच, ‘पंप १०१’. मग पंप १०१ बदलला की तोच राहिला? देखभालीचा इतिहास कुणाच्या नावावर लिहायचा: जागेच्या, की लोखंडाच्या? त्यांनी काळालाही लांबी-रुंदीसारखं एक परिमाण मानणाऱ्या विचारसरणीची निवड केली. तिच्यात वस्तू ही जन्मापासून भंगारापर्यंत काळात पसरलेली असते, आणि ‘पंप १०१’ हा वेगवेगळ्या पंपांच्या आयुष्यातले तुकडे जोडून झालेला एक पदार्थ ठरतो. शहराला पाणी पुरवायचं तर अस्तित्वाचा विचार करावा लागतो, याहून विलक्षण गोष्ट मला तरी माहीत नाही.

तरीही असे करार नेहमी भव्यच असावे लागतात असं नाही. २००५ साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या ट्रायमेट या वाहतूक संस्थेने आणि गुगलने बस-रेल्वेच्या वेळापत्रकासाठी एक साधी रचना ठरवली: थांबे, मार्ग, फेऱ्या, वेळा, अशा मोजक्या मजकूर-फायली. तीच आज जीटीएफएस म्हणून जगभर चालते. फोनमध्ये परक्या शहराची बस कधी येईल ते दिसतं, त्यामागे बहुतेकदा ती असते. माझं मत असं, की जिथे करार छोटा आणि वापरणाऱ्याला लगेच फळ देणारा होता, तिथेच तो रुजला. सगळ्या विश्वाची वर्गवारी आधी पुरी करू, मग कामाला लागू, असं म्हणणारे प्रकल्प बहुधा कागदावरच राहतात.

सुरुवातीच्या खड्ड्यांकडे परत येऊ. ब्रिटनने भूमिगत वाहिन्यांची राष्ट्रीय नोंदवही एप्रिल २०२३ मध्ये ईशान्य इंग्लंड, वेल्स आणि लंडनपुरती वापरात आणली, आणि २०२५ च्या डेटा कायद्याने तिला कायदेशीर आधार मिळाला. ती सर्वांना खुली नाही. कुठे कोणती केबल आहे हे घातपात करणाऱ्यालाही हवंच असतं, म्हणून कामापुरतं, ओळख पटवून दाखवलं जातं.

आपल्याकडे हा प्रश्न किती जवळचा आहे, हे मुंबई-ठाण्याच्या माणसाला सांगायला नको. ठाण्यात बोअर घेताना मुंबईला पाणी आणणाऱ्या जलबोगद्याला छेद गेला. त्याच्या दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून महिनाभर मुंबईत १५ टक्के पाणीकपात जाहीर करावी लागली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला अंधेरीत मेट्रो ६ च्या कामात वेरावली जलाशयाजवळची १८०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी फुटली, आणि पश्चिम व पूर्व उपनगरांतल्या अनेक वस्त्यांचे नळ काही दिवस कोरडे राहिले. एका शहरातला बोअर, दुसऱ्या शहराचं पाणी. एका यंत्रणेचं ड्रिल, दुसऱ्या यंत्रणेची वाहिनी.

उपायांची सुरुवात झालेली आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये खोदकामाच्या पूर्वसूचनेचे नियम अधिसूचित केले आणि २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केलं. विस्कळीत खोदकामामुळे देशाचं वर्षाला सुमारे ३००० कोटी रुपयांचं नुकसान होतं, असं तेव्हा सांगण्यात आलं. शहरांचा डेटा समाईक रचनेत आणण्यासाठी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने स्मार्ट सिटी अभियानाबरोबर आययूडीएक्स ही देवाणघेवाणीची यंत्रणा उभी केली. तिच्या सुरुवातीच्या शहरांत पुणे होतं, आणि तिच्या पायावर भारतीय मानक ब्युरोचं आयएस १८००३ हे मानकही आलं. म्हणजे व्याकरण आहे, दार आहे. वाक्यं भरायची राहिली आहेत.

आणि ती भरण्याचा सर्वांत स्वस्त क्षण एकच असतो: चर उघडा असतो तेव्हा. पाइप डोळ्यांसमोर असतो, सर्वेक्षकाला त्याचे अक्षांश-रेखांश आणि माथ्याची पातळी काही मिनिटांत घेता येते, आणि नोंदीला थेट ‘ए’ दर्जा मिळतो. माती लोटली की त्याच माहितीसाठी रडार आणावं लागतं किंवा पुन्हा खड्डा करावा लागतो. म्हणून महापालिकांना आणि जिल्हा परिषदांना माझी विनंती आहे: खोदाईच्या प्रत्येक परवान्यात एक अट घाला. टाकलेल्या वाहिनीची मोजलेली जागा, पातळी, कोणत्या डेटमपासून मोजली ते, तारीख आणि मोजणाऱ्याचं नाव ठरलेल्या रचनेत जमा झाल्याशिवाय चर बुजवायचा नाही आणि अनामत रक्कम परत द्यायची नाही. आणि वाचकहो, तुमच्या सोसायटीत बोअर घ्यायचं ठरलं किंवा तुमच्या गल्लीत चर खणला गेला, तर कंत्राटदाराला दोन प्रश्न अवश्य विचारा: खणण्याआधी कुणाकुणाला विचारलं, आणि बुजवण्याआधी कुठे नोंदवलं?